जहाज वाढवणारे घरमालक

परवा तुम्ही बंदरावरच्या त्या अजस्र जहाजाचा फोटो पाठवलात आणि खाली विचारलंत, "आजी, ही जहाजं म्हातारी झाली की कुठे जातात?" प्रश्न साधा आहे, पण एका माणसाबद्दल सांगितल्याशिवाय मला त्याचं उत्तर देता येत नाही. तो माणूस परभणीचा. समुद्र इथून इतका लांब की माझ्या शाळेतल्या कित्येक मुलींनी तो फक्त भिंतीवरच्या नकाशात पाहिलेला. तरीही जहाजांबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते सगळं मी जिंतूर रस्त्यावरच्या एका घराच्या वरच्या मजल्यावर राहून शिकले. खालच्या मजल्यावर आमचे घरमालक राहायचे. सगळे त्यांना मालकच म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते.

घर रस्त्यावरून पाहिलं तरी कळायचं की इथे चारचौघांसारखा माणूस राहत नाही. खिडक्या गोल, जाड काचेच्या, पितळी कड्यांच्या. सगळ्या जहाजावरून काढून आणलेल्या. स्वयंपाकघराचं दार लोखंडी आणि त्याचा उंबरा जवळजवळ गुडघ्याइतका उंच, कारण जहाजावर एका खोलीतलं पाणी दुसऱ्या खोलीत शिरू नये म्हणून दारं तशीच करतात. उन्हाळ्यात आमच्या नळाला येणारं पाणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याइतकं कधीच नव्हतं. पण उंबरा होता. नवा दूधवाला पहिल्या दिवशी हमखास अडखळायचा आणि मालक आतून ओरडायचे, "पाय उचला की! जहाजावर असता तर तोंडावर पडला असता!"

"मालक, इथंबी तोंडावरच पडलोय," तो सांडलेल्या दुधाकडे बघत म्हणायचा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ते अंगणातली घंटा बडवत. घंटा झाली की, जहाजावर संकटाची कवायत घेतात तशी, घरातल्या प्रत्येकाने हातातलं काम टाकून कडुलिंबाखाली जमायचं, आणि ते आम्हाला मोजायचे. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, पिठाच्या हातांनी यायच्या. तुमचे आजोबा अर्धी दाढी झालेले, गालाला साबण लावलेले. एकदा मालकांच्या लेकीला बघायला पाहुणे आले होते. पोहे हातात असतानाच घंटा झाली आणि मुलाच्या वडिलांनाही झाडाखाली जाऊन उभं राहावं लागलं.

"काय झालं हो?" त्यांनी घाबरून वहिनींना विचारलं.

"काई न्हाई. जहाज बुडायलंय."

"कोणतं जहाज?"

"तेच तर मी लग्न झाल्यापासून शोधायले."

स्थळ मात्र जमलं.

मालक मूळचे बोरीचे. गावातून शिकून इंजिनिअर झालेले ते पहिले. नोकरीची सगळी वर्षं गुजरातच्या किनाऱ्यावर अलंगला गेली. तिथे जगभरची जुनी जहाजं येतात आणि त्यांचं लोखंड मोकळं केलं जातं. पुढे जहाजं मोकळी करणाऱ्या अशाच यार्डांची तपासणी करायला त्यांना बांगलादेशात आणि तुर्कस्तानात धाडलं गेलं, युरोपातली बंदरंही त्यांनी पाहिली. एवढं जग फिरून आलेला माणूस बोलायचा मात्र बोरीचंच. मी इंग्रजी शिकवणारी. माझ्यासमोर लोक उगाच शुद्ध बोलायला लागतात. मालकांनी तसं कधी केलं नाही. रोज सकाळी जिन्याखालून मोठ्याने "जयभीम, मॅडम!" आणि मग कालच्या बातम्यांवर लगेच वाद.

त्यांना वेड होतं एका शब्दाचं. कुणी "जहाज तोडायचा धंदा" म्हटलं की ते चहाचा कप खाली ठेवत.

"तोडायचा न्हाई. वाढवायचा."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं, तुमच्या कानावर ते पडलं नसेल. आपल्याकडे हातातली बांगडी फुटली तरी "फुटली" म्हणत नाहीत, "वाढवली" म्हणतात. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. रात्री दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. ज्या गोष्टीचा शेवट होताना तोंडातून वावगा शब्द निघायला नको, तिच्यासाठी आपण हा शब्द राखून ठेवला आहे.

"पण तुम्ही तर शुभ-अशुभ मानत नाही," मी एकदा म्हटलं. घरात बुद्धाची मूर्ती, मुहूर्त पाहून कधी काही व्हायचं नाही.

"न्हाईच मानत. इज्जत मानतो. काचेची बांगडी संपली तर तिला तुमी चांगला शब्द देता. सगळे समुद्र फिरून आलेलं जहाज संपायलंय, आन् त्याला भंगार म्हणता? आन् संपतं कुठं ते?" त्यांनी छताकडे बोट दाखवलं. "लोखंडाच्या सळया होतात. ह्या स्लॅबात हायत. बसा निवांत, नॉर्वेचं जहाज हाय तुमच्या डोक्यावर."

या शब्दाने एकदा माझी चांगलीच फजिती केली. त्यांच्या ओळखीचे युरोपातले एक साहेब परभणीला भेटायला आले होते. मालकांना इंग्रजी उत्तम यायचं, पण त्या दिवशी त्यांनी मला मध्ये बसवलं. म्हणाले, "ह्यांची जहाजं आपल्या दारात येतात, आज ह्यांच्या कानात आपली भाषा जाऊ द्या." मी भराभर इंग्रजी करत होते. मालक म्हणाले, "अशी लय जहाजं वाढवली मी," आणि माझ्या तोंडून घाईत "लांब केली" अशा अर्थाचा इंग्रजी शब्द निघून गेला. साहेबांनी आश्चर्याने विचारलं, म्हणजे भारतात जुन्या जहाजांची लांबी वाढवतात? मी दुरुस्त करणार, तोच मालक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "राहू द्या, मॅडम. खोटं न्हाई ते. परभणीपर्यंत लांबवलीत की!"

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ते मी देण्यापेक्षा मालकांनी दिलेलंच सांगते.

एका प्रजासत्ताक दिनाला मी त्यांना आमच्या मुलींच्या शाळेत पाहुणे म्हणून बोलावलं. पाहुणे भाषणाचा कागद घेऊन येतात. हे तीन पपया, एक सुरी आणि वहिनींची पितळी परात घेऊन आले, आणि झेंडावंदन होताच मंचावर न चढता मुलींच्या पुढ्यात मैदानात मांडी घालून बसले.

पहिली पपई त्यांनी सरळ मातीवर ठेवून कापली. "ही आपली रीत, आन् बांगलादेशची. समुद्राला मोठी भरती आली का जहाज जोरात हाणत आणायचं आन् किनाऱ्याच्या चिखलात घुसवायचं. ओहोटी लागली का ते उघडं पडतं. मंग मानसं चढतात आन् कापतात. पाकिस्तानातबी असंच, तिकडं चिखलाऐवजी वाळू." रस मातीत जिरला, बिया धुळीत लोळल्या.

दुसरी पपई मंचाच्या कडेवर ठेवली, अर्धी फरशीवर, अर्धी अधांतरी. "ही तुर्कस्तानची. जहाजाचं नाक तेवढं किनाऱ्याला टेकवायचं, बाकीचं अंग पाण्यातच. कापलेला तुकडा खाली पडू द्यायचा न्हाई. क्रेननं अलगद उचलायचा आन् पक्क्या फरशीवर ठेवायचा."

तिसरी परातीत. "ही युरोपातल्या काई बंदरांची. जहाज एका मोठ्या हौदात घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढून टाकायचं आन् कोरड्या तळावर कापायचं. काई सांडलंच तर हौदात."

मग त्यांनी फोडी वाटल्या. "चव सारखीच लागंल. पपई तीच हाय. बगायचं एवढंच, का रस कुठं गेला." रस म्हणजे जहाजाच्या पोटात उरलेलं तेल, जुने विषारी रंग, आणि नळांभोवती गुंडाळलेलं ॲस्बेस्टॉस. त्याची धूळ श्वासातून आत गेली की फुप्फुसात कायमची बसते.

नववीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, मग सगळेच परातीत का नाही कापत?"

"परात विकत घ्यावी लागते, बाई."

"मग ज्यांच्याकडं परात हाय, त्यांनी त्यांच्याच परातीत कापावं की! इकडं कामून पाठवतात?"

मैदान हसलं. मालक हसले नाहीत. त्यांनी सुरी पुसून बाजूला ठेवली आणि जे बोलले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

"माझा आजा बोरीचा. गावात कुणाचं ढोर मेलं का ते ओढून न्यायचं काम आमच्याच आळीचं. कुणी ठरवलं, कवा ठरवलं, कुणाला ठावं न्हाई. ज्याचं ढोर, तो नाकाला उपरणं लावून दारात उभा. पुढं आमच्या मानसांनी ते काम सोडलं, आन् बरं केलं. मी नोकरीला किनाऱ्यावर गेलो, तवा चिखलात पडलेलं ते जहाज मला ढोरावानीच दिसलं. ज्याचं जहाज, तो लांब. पर मी म्हणलं, हे काम सोडायचं न्हाई. लोखंड सोन्यासारखं हाय, लोकांची पोटं हायत त्याच्यावर. काम आपून करू. पण नाकाला उपरणं लावून दारात उभा हाय ना, त्याला म्हणायचं, परात घ्यायला तूबी हात लाव. आन् आपल्या यार्डाच्या मालकालाबी म्हणायचं."

नुसतं म्हणून ते थांबले नव्हते. ज्या यार्डात ते होते तिथे भांडून भांडून त्यांनी पक्की फरशी करून घेतली, क्रेन आणवली, कामगारांना तोंडावरचे मास्क वापरायला लावले. आपल्याकडच्या अनेक यार्डांत आता तशी सोय झाली आहे, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान! परदेशी माणसाने सगळ्या भारतीय यार्डांना एकाच मापाने मोजलं की ते भडकत, आणि आपल्या माणसाने "आमच्याकडं सगळं ठीक हाय" म्हटलं की त्याहून जास्त भडकत.

जहाजांच्या पुनर्वापराबद्दलचा देशोदेशींचा करार अखेर लागू झाला, त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. जहाजात कुठे काय घातक आहे ते आता आधीच सांगावं लागणार होतं, यार्डालाही मान्यता घ्यावी लागणार होती. गल्लीला वाटलं, लेकीचं काही गोड असेल. समोरच्या काकूंनी वहिनींना विचारलंच, "काय झालं हो, मुलगा का मुलगी?"

"करार झालाय," वहिनी म्हणाल्या. "दोघंबी सुखरूप हायत."

शाळेच्या मैदानावरची ती मातीतली पपई मुलींनी खाल्ली नव्हती. मालकांनी ती नळाखाली धुतली आणि एकट्याने संपवली. पण मला मालक आठवतात ते अशा समारंभांमुळे नाही. मला ते आठवतात एका टाकीपुढे बसलेले.

आमच्या मागच्या गल्लीत गफूर राहतो. लोखंड कापायचं त्याचं काम: दोन सिलिंडर, एक नळी, डोळ्यांवर काळा चष्मा. काही वर्षांपूर्वी एका सकाळी तो कुंपणापाशी थांबून आनंदाने सांगत होता, "साब, बडा काम मिला. सोनपेठ रोड की वो बंद मिल हई ना, सरकी के तेल की? उसकी टंकी काटनी हई."

मालकांच्या हातातला भाकरीचा घास तसाच राहिला. तशा मिलमध्ये सरकीतून तेल ओढून घ्यायला पेट्रोलसारखं एक रसायन वापरतात. त्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते आणि तळाच्या गाळाशी दडून राहू शकते. तिथे कटरची एक ठिणगी पुरे.

"वाफ मोजायचा मीटर लावला?"

"कायका मीटर, साब? टंकी कबसे खाली पडी हई."

"खाली हाय हे कुणी पाहिलं?"

"सबने देखा."

"डोळ्यानं पाहिलं असंल. तिला डोळ्यानं बगत न्हाईत."

गफूर हसून निघून गेला. तो मिलवर पोचला तेव्हा मालक त्याच्याआधी तिथे होते. टाकीला लावलेल्या शिडीच्या पायथ्याशी खुर्ची टाकून, डोक्यावर आपलं जुनं नारंगी हेल्मेट घालून बसलेले.

दुपारी वहिनींनी मला डबा देऊन पाठवलं. "तुमचं तरी ऐकतील, मॅडम. धरून आणा." मी रिक्षाने गेले. मिलच्या आवारात बरीच गर्दी जमली होती. टाकी भंगारात विकत घेतलेला गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, मालकांच्या समोर येरझारा घालत होता.

"उठा ना साहेब आता. हे परभणी हाय, तुर्कस्तान न्हाई."

"म्हणूनच बसलोय. तिकडं बसायची गरज पडली नसती. हवा तपासल्याबिगर कटरला आत सोडत न्हाईत."

"आन् तुमच्या त्या अलंगला?"

"चांगल्या यार्डात सोडत न्हाईत, वाईट यार्डात सोडतात. मी दोन्हीकडं काम केलंय."

"अहो, टाकी माझी हाय! पैसे मोजलेत मी!"

"टाकी तुमची. गफूर तुमचा न्हाई."

यावर गफूरच पुढे आला. त्याला हे सगळं असह्य झालं होतं. "साब, मेरे भले के वास्ते बैठे, मालूम हई मेरेकू. लेकिन काम नहीं तो रोज नहीं. घर में क्या बोलूं मैं?"

"घरच्यांना घेऊन आमच्याकडं जेवायला ये. मीटर येईपतुर."

मीटर त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मुंबईहून यायचा होता. तोवर टाकीला हवा मिळायला हवी होती, पण विजेचा पंखा लावायचा नाही, कारण त्याच्या मोटारीचीही ठिणगी असते. जुन्या काळी जहाजाच्या तळात हवा सोडायला कापडाचा लांब नळा वाऱ्याकडे तोंड करून टांगत. मालकांनी ताडपत्रीचा तसा नळा शिवून घेतला, टाकीच्या वरच्या तोंडातून आत सोडला आणि खालचं झाकण उघडं ठेवलं. वारा सुटला की नळा टम्म फुगायचा. "टाकीला पायजमा घातला!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि ते नाव संध्याकाळपर्यंत शहरभर झालं. मी त्यांना घरी न्यायला गेले होते. मी एकटीच परत आले. मीटर येईपर्यंत वहिनी दोन घरांचा स्वयंपाक करत होत्या. गफूरच्या बायकोशी, रेहानाशी, त्यांच्या पोटभर गप्पा व्हायच्या. नवऱ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मीटर आला तेव्हा रेहानाही मिलवर आली होती, ओढणीचं टोक तोंडात धरून. मीही होते. मालकांनी दोरीला बांधलेली नळी टाकीत हळूहळू खाली सोडली. वर, मध्ये, अगदी गाळाशी. त्यांनी आकडा पाहिला, पुन्हा नळी फिरवली, पुन्हा पाहिला.

शून्य. टाकीत काहीही नव्हतं.

"काय निघालं साहेब?" गुत्तेदाराने विचारलं. "जहाज?"

सगळं आवार हसलं. गफूरही हसला, सुटल्यासारखा. मालकांनी खुर्ची मिटली, काखेत मारली आणि म्हणाले, "काई निघालं न्हाई. काप आता."

गफूरने कटर पेटवला, तेव्हा बाकी सगळे लांब सरकले. मालक शिडीवर त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले, इतके जवळ की ठिणग्या त्यांच्या बुटांवर पडत होत्या. पहिला पत्रा सुटून खाली येईपर्यंत ते हलले नाहीत.

पुढे कितीतरी दिवस बाजारात त्यांना "पायजमावाले साहेब" म्हणत. ते छाती काढून चालायचे, जणू पदवीच मिळाली. शेवटी मीच एकदा विचारलं, "मालक, एवढं बसलात आणि काहीच निघालं नाही. वाईट नाही वाटलं?"

"तुमच्या शाळंत पोरगी पास झाली, तर परीक्षा वाया गेली म्हणता का?"

मग म्हणाले, "आन् मॅडम, ती वाफ आधीपासून नव्हती, का झाकणं उघडी ठेवली म्हणून निघून गेली, हे आता कुणालाच कळणार न्हाई. मलाबी न्हाई. कळायचा एकच मार्ग होता, आन् तो गफूरच्या हातात होता. न्हाई कळलं तेच बरं."

मी आयुष्यभर इंग्रजीच्या धड्यांतून थोरामोठ्यांची चरित्रं शिकवली. त्या सगळ्यांच्या नावावर काही ना काही घडलेलं असतं. या माणसाच्या नावावर एक न घडलेली गोष्ट आहे, आणि मी त्यांच्या छताखाली राहिले हे मी आजही मान वर करून सांगते.

पेढे वाटले त्यानंतर काही महिन्यांनी मालक गेले. मी अजून वरच राहते. वहिनी मला सोडत नाहीत. गफूरचा हात आता या भागात नावाजलेला आहे. मोठ्या कामाला निघताना मोटारसायकलच्या पिशवीत त्याचा स्वतःचा मीटर असतो आणि हवा तपासल्याशिवाय तो कटर पेटवत नाही. गुत्तेदारांनी कितीही घाई केली तरी. दिवेलागणीला त्याची गाडी मागच्या गल्लीत वळते. मी तेव्हा गोल खिडकीशी चहा घेत बसलेली असते आणि मला नवरा-बायकोचं सगळं बोलणं ऐकू येतं.

"कोथमीर लाए?" रेहाना दारातूनच विचारते.

"भूल गया."

"रोज भूलते! रोज बोलती मैं, रोज भूलते!"

"अब्बी क्या हुआ? कल लाता ना, बोला तो."